अंगठ्याला बांधलेली दोरी

माझ्या नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला रोज रात्री एक दोरी बांधलेली असायची, आणि त्या दोरीचं दुसरं टोक असायचं एका परक्या बाईच्या मोटरसायकलच्या चाकाला. लग्नाला चौदा वर्षं झाली. या माणसानं माझ्या डोक्यावरचा पाण्याचा हंडा कधी उतरवून घेतला नाही, पण गार्डबाईच्या गाडीसाठी तो अंगठा बांधून झोपत होता. चोरानं गाडी हलवली की दोरी ताणणार, दोरी ताणली की अंगठा ओढला जाणार, आणि अंगठा ओढला गेला की साहेब उठून चोराला धरणार, असा बेत. चोर काही आला नाही. त्या दोरीकडे बघत जागी मात्र मीच राहायचे.

साहेब म्हणजे अश्वजित, आमच्या आयुषचे बाबा. आयुष चंद्रपूरला माझ्या भावाकडे राहून शिकतो, त्यामुळे घरी आम्ही दोघंच. गाव सावली तालुक्यातलं, एका अंगाला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या अंगाला जंगल. आणि गार्डबाई म्हणजे पुनम, आमच्या बीटची वनरक्षक. राजुऱ्याकडची, सत्तावीस वर्षांची, लग्न न झालेली. आमच्या समोरच्या रुखमाबाईकडे तिनं खोली घेतली होती. खोलीचं दार सरळ रस्त्यावर उघडायचं, गाडी ठेवायला वीतभर जागा नाही. गाडीचं हँडल लॉक बिघडलेलं. दिवाळीनंतर आजूबाजूच्या गावांतून तीन गाड्या चोरीला गेल्या, तशी ती एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"अश्वजितभाऊ, तुमच्या ओसरीत गाडी ठेवू का जी? तुमच्याकडे कवाडाचं कुंपण हाय."

"ठेवा ना मॅडम. तुमची गाडी ते आमची गाडी," हे म्हणाले.

मला कोणी विचारलं नाही. ओसरीत माझ्या कोंबड्यांचा खुराडा होता, तो दुसऱ्या दिवशी मागच्या वाडीत गेला आणि आठवड्याच्या आत रानमांजरानं दोन कोंबड्या नेल्या. गाडीसाठी खाली फळी आली. मागच्या चाकातून साखळी घालून ती ओसरीच्या खांबाला कुलपानं बांधली गेली. वरून दव पडतं म्हणून माझ्या आईनं शिवलेली वाकळ गाडीवर पांघरली गेली, आणि पुसायला माझ्या निळ्या लुगड्याचा तुकडा फाडला गेला. हे रोज सकाळी दात घासायच्या आधी गाडी पुसायचे. आरसा तर असा पुसायचे की मला वाटायचं, त्यात तिचं तोंड अडकून राहिलं आहे आणि ते हे शोधत आहेत.

खरं सांगते, मी जळायचे. लपवून काय करू? ती पाच वाजता उठून खाकी घालून, बूट चढवून गाडीला किक मारायची आणि धुरळा उडवत निघून जायची, तेव्हा मी शेणाचे हात घेऊन अंगणात उभी असायचे. ती मला "वहिनी" म्हणायची. चहा दिला तर कप स्वतः धुऊन ठेवायची. एखादी बाई जरा वाईट असली तर तिच्यावर राग धरायला सोपं जातं, पण हिनं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

होळीच्या सुमाराला आणखी एक झालं. हे गाडीची चेन बघत होते आणि आतल्या मला हाक मारून म्हणाले, "सरिता, पुनमले सांग, चेनले तेल पायजे." मॅडम नाही, पुनम. मी हातातली कढई आपटली. तेवढ्यावरून हे समजले असतील असं वाटलं होतं, पण ते तेलाची बाटली शोधत होते.

रुखमाबाईचं वय सत्तरच्या पुढे. कानांनी कमी, पण डोळ्यांनी जास्तच. ती तिच्या दारात बसून म्हणायची, "बाप्पा! वाकळ गाडीले, अन् तू कुडकुडून राह्यली! कोनाची गाडी, कोनाचा जीव!" मी हसण्यावारी न्यायचे आणि घरात आल्यावर तेच शब्द दिवसभर घोळवत बसायचे.

आता मागच्या वर्षीचं सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या नवऱ्याला तुम्ही उगाच वाईट समजाल. आमचीही एक गाडी होती. ती मोहाच्या दिवसांत चोरीला गेली. या दिवसांत आमच्याकडे गावाची काय गत असते ते बाहेरच्याला कळायचं नाही. झुंजूमुंजू होण्याआधीच घरंच्या घरं टोपल्या घेऊन जंगलात जातात. रात्रभर गळलेली मोहफुलं गुरांच्या आणि अस्वलांच्या आधी वेचायची असतात. उन्हं वर येईपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि कुत्री, दुसरं कोणी नाही. रात्रभर कुलपं, साखळ्या, दोऱ्या, आणि सकाळी सगळं गाव उघडं टाकून आम्ही झाडाखाली. आमची गाडी अशीच भरल्या उजेडात गेली. आणि त्या दिवशी तिला साखळी नव्हती, कारण आदल्या दिवशी कालवडीचं दावं तुटलं होतं आणि ती साखळी मीच काढून कालवडीला घातली होती. गाडी गेल्यावर मी गुपचूप साखळी परत खांबाला अडकवली. यांनी ओसरी बघितली, खांब बघितला, आणि एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही.

यंदा मोह गळायला लागला तसे हे म्हणाले, "औंदा घरी एक माणूस रायलंच पायजे. तू राय."

"अन् माह्या मोहाचं काय?"

जंगलात कुठला मोह कोणी वेचायचा हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. नाल्याकाठचं एक झाड माझं. म्हणजे माझ्या सासूचं, तिनं जाताना मला दिलेलं. त्या झाडाखालचा पाला मी स्वतः झाडते, लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नाही. त्या फुलांचा पैसा माझा, त्यात कोणी बोट घालत नाही.

"पाहू ना तुह्या मोहाचं," हे म्हणाले. "तू आधी गाडी पाय. गार्ड मॅडम आपल्या भरवशावर ठेवते."

"अन् तुमी?"

"मी लोकायसंग जातो. अस्वल फिरून राह्यलं म्हनते. मॅडमनं सांगतलं, एकट्यानं कोनी जायचं नाई, उजेड झाल्यावर सगळ्यायनं संग जायचं, ती सोबत चालन."

म्हणजे ऐका. पुनम पायी जंगलात जाणार. माझा नवरा तिच्या सोबत जंगलात जाणार. आणि मी माझा मोह सोडून घरी तिच्या गाडीची राखण करत बसणार. यांनी कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "गाडी सोडून हालजो नको." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पहिले तीन दिवस मी बसले. ओसरीत गाडीसमोर पाट टाकून. तिचा दिवा माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. तिकडे जंगलात ती दोघं कुठल्या वाटेनं चालत असतील, ती काय बोलत असेल, हे कसे हसत असतील, सगळं मी त्या पाटावर बसून बघितलं. माझ्या मनात त्यांनी पाणीही एकाच बाटलीतून प्यायलं. हे रोज नऊ वाजता परत यायचे, पाठीवर घाम, आणि सगळ्यात आधी ओसरीत डोकावायचे. गाडीकडे. मग माझ्याकडे.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. यांनी त्या दिवशी दोन टोपल्या घेतल्या आणि बाकीच्यांच्या आधी, अंधुक असतानाच निघाले. रोज एक, आज दोन. मी म्हटलं, झालं, आता तिची टोपलीसुद्धा हेच उचलणार. पुनम थोड्या वेळानं लोकांना घेऊन निघाली. जाताना मला हात हलवून गेली. मी तोंड फिरवलं.

गाव रिकामं झालं. मी किल्ली काढली, कुलूप उघडलं, वाकळ ओढून टाकली आणि गाडी ढकलत मागच्या वाडीत नेली. हँडल मोकळंच होतं. वाडीत तणसाचा, धानाच्या पेंढ्यांचा मोठा ढीग होता, जनावरांसाठी ठेवलेला. मी त्याला एका बाजूनं पोखरलं, गाडी आत घुसवली आणि वरून पेंढ्यांवर पेंढ्या टाकल्या. आरशाची काच तेवढी चमकत राहिली, तिच्यावर एक पेंढी दाबून बसवली.

माझा बेत साधा होता. गाडी गेली म्हणायचं. या घरात गाडी राहत नाही हे एकदा सिद्ध झालं की बाई दुसरं घर बघेल, दुसरा भाऊ बघेल. दोन-तीन दिवसांनी गाडी नाल्याजवळ सापडेल असं काहीतरी करायचं. पुढचं मी फार ठरवलं नव्हतं. पण एक गोष्ट सांगते म्हणजे माझी अक्कल तुम्हाला कळेल. वाडीतून ती खरोखरच कोणी नेऊ नये म्हणून मी साखळी चाकातून घालून शेजारच्या शेवग्याला बांधली आणि कुलूपही लावलं. चोरीला गेलेली गाडी मी चोरापासून जपत होते.

मग तोंडावर पाणी मारलं, पदर विस्कटला आणि रुखमाबाईच्या दारात जाऊन ओरडले, "बाई, गाडी गेली व! मी जराशी विहिरीवर गेलती, तेवढ्यात नेली!"

रुखमाबाईनं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझं मलाच खरं वाटायला लागलं. ती म्हणाली, "बरं झालं!" आणि मला इतकं बरं वाटलं की मी हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात पुनम आली. गल्लीच्या टोकाकडून, पळत. टोपी नव्हती, केस सुटले होते. तिनं काही बोलायच्या आत मी पुढे झाले. पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं.

"पुनम, तुमची गाडी चोरीले गेली!"

ती थांबली. ओसरीकडे बघितलं. रिकामी फळी, खाली पडलेली वाकळ. आणि ती मटकन खाली बसली. तेव्हा मला तिच्या खाकी शर्टावरचं रक्त दिसलं.

"वहिनी," ती म्हणाली, "भाऊले अस्वलानं धरलं."

मला ते वाक्य समजलंच नाही.

"नाल्यापाशी. तुमच्या मोहाखाली. मांडी फाडली, रगत थांबून नाई राह्यलं. मी त्यायचाच शर्ट बांधून आली. अँब्युलन्सले फोन लावला, ते डांबरी सडकेवर येईन म्हनते, आत नाई येत. त्यायले सडकेवर न्यायले गाडी पायजे. दुसऱ्या कोनाची गाडी हाय का गावात? सांगा ना जी!"

"माह्या मोहाखाली?"

"होय. एकटे गेलते. मी किती वेळा सांगतलं एकटं जाऊ नका म्हनून. मले काल म्हनत होते, सरिताचा मोह वाया चालला, ती बोलत नाई पन तिच्या जिवाले लागलं. रोज आपला येचून झाल्यावर थोडा थोडा तुमचा येचत होते. आज म्हने उजाडायच्या आधी जाऊन पुरा येचतो."

दोन टोपल्या. एक त्यांची, एक माझी. रोज ते घरी आणत होते त्यात माझ्या झाडाची फुलंही होती, आणि मी ती अंगणात वाळत घालताना एकदाही विचारलं नव्हतं.

मी पळाले. वाडीत गेले आणि दोन्ही हातांनी तणस उपसायला लागले. पुनम मागून आली. "वहिनी, काय करून राह्यल्या?" तिनं विचारलं, आणि मग आरसा दिसला. मग हँडल. ती नुसती पुढे आली आणि माझ्या बाजूनं ती पण तणस ओढायला लागली.

गाडी निघाली, पण चाकात साखळी होती. किल्ली माझ्या पदराच्या गाठीत. गाठ सुटेना. पुनमनं पदर माझ्या हातातून घेतला, दातांनी गाठ सोडली, कुलूप काढलं आणि किक मारली. "बसा," एवढंच म्हणाली.

नाल्यापर्यंतची वाट मला आठवत नाही. माझं झाड आठवतं. खालचा पाला मीच झाडलेला, त्यावर गावची माणसं गोळा झालेली, आणि मध्ये हे. तोंड तांदळाच्या पिठासारखं पांढरं. शेजारी माझी टोपली, काठोकाठ भरलेली, एक फूल सांडलेलं नाही. त्यांची टोपली पालथी पडली होती.

लोकांनी त्यांना उचलून गाडीवर बसवलं. पुढे पुनम, मध्ये हे, मागे मी. त्यांना मान धरवत नव्हती. मान पुढे गेली आणि तिच्या पाठीवर टेकली. आणि काय सांगू, माझा नवरा मरतो की जगतो हे ठाऊक नसताना, त्या क्षणीसुद्धा मला ते सहन झालं नाही. मी त्यांचं डोकं मागे ओढून माझ्या खांद्यावर घ्यायला गेले, तशी गाडी डगमगली.

"वहिनी, मले धरा!" पुनम ओरडली. "त्यायले मधात दाबून मले धरा, नाईतर तिघंही पडू!"

मी दोन्ही हात पुढे घातले आणि तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली. सडक येईपर्यंत सोडली नाही.

अँब्युलन्सनं आम्हाला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. पुनम गाडीनं मागून आली. मांडीला टाके पडले, रक्ताची बाटली लागली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर कठीण होतं. मी मनात मोजलं. तणस उपसायला किती वेळ गेला असेल? कुलपाला किती? डॉक्टरांनी माझ्याकडे बघून हे म्हटलं नव्हतं, पण मी मान खाली घातली.

दुपारी यांनी डोळे उघडले. मी उशाशी, पुनम पायाशी उभी. त्यांनी मला बघितलं, ओठ हलवले. मी वाकले.

"तू इथी आली," ते म्हणाले, "मंग गाडीपाशी कोन हाय?"

मला रडू फुटलं. पुनमच पुढे झाली.

"गाडी खाली उभी हाय, भाऊ. वहिनीनं चांगली सांभाळली. किक मारली अन् निघाली."

तिच्या शर्टाच्या बाहीवर तणसाची काडी अजून चिकटलेली होती. तिनं मला वाचवलं होतं. एका शब्दानं मला बरबाद करता आलं असतं आणि तिनं तो शब्द गिळला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण नाही वाटलं. माझ्याच नवऱ्यासमोर मला चांगली ठरवणारी ही कोण? आजवर तिची गाडी माझ्या ओसरीत होती ते मी सोसलं, पण तिचे हे उपकार माझ्यानं सोसवेनात.

"खोटं बोलून राह्यली ती," मी म्हटलं. "मी लपवली होती गाडी. वाडीत, तणसात. चोरीले गेली म्हनून सांगनार होती."

पुनमनं खिडकीबाहेर बघितलं. यांनी मान माझ्याकडे वळवली.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"तुमी दोघं जंगलात जात होते म्हनून."

ते हसले की कळवळले, कळलं नाही. मग हळूच म्हणाले, "मागच्या साली साखळी कालवडीले होती, ते मले त्याच दिवशी दिसलं होतं. कालवडीच्या मानीवर वळ होता."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोलून गाडी वापस आली असती का? तू चार दिवस जेवली नाई, ते दिसत होतं ना मले." त्यांनी डोळे मिटले. "म्हनून औंदा अंगठ्याले दोरी बांधली. म्हटलं, पुन्हा गेली तर सरिता सोतालेच दोष देईन."

पुनम खोलीतून कधी निघून गेली, आम्हाला कळलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी तो सोडवून घेतला.

"जा," ते म्हणाले. "खाली गाडीपाशी बस. इथी लय गर्दी राह्यते, अन् तिले हँडल लॉक नाई."

मी जिना उतरले. दवाखान्याच्या आवारात शंभर गाड्या असतील. पुनमची गाडी कडेला उभी होती आणि शेजारी पायरीवर ती स्वतः, भिंतीला डोकं टेकून झोपलेली, शर्टावर माझ्या नवऱ्याचं रक्त वाळून काळं झालेलं. मी तिला उठवलं नाही. गाडीजवळ खाली बसले आणि मागच्या चाकात अडकलेलं तणस एकेक काडी करून काढायला लागले. कोणी जवळ आलं की मी मान वर करून बघायचे आणि एक हात चाकावर ठेवायचे.